दादाच्या पाठीवरचं वजन

माझं वजन किती हे मला कळायच्या आधी बाबांना ठाऊक असायचं. दर रविवारी सकाळी ते मला भाताच्या गिरणीत घेऊन जात, पोती मोजायच्या काट्यावर उभं करत आणि गिरणीवाल्याला म्हणत, "नीट बघ रे." गिरणीवाला हसायचा. "पोरगी विकायला काढली काय हवालदार?" असं एकदा म्हणाला. बाबा हसले नाहीत. वजन वाढलेलं असलं की ते खूश होत. कमी भरलं की घरी आल्यावर वाळूची एक लांबट पिशवी माझ्या कमरेला बांधत, कारण त्यांच्या हिशोबात मी पुऱ्या जवानाएवढी भरायला हवी होते. माझ्या वर्गातल्या मुलींना त्या वयात कानातलं, रिबिनी, एखाददुसरा परकर मिळत होता. मला वाळू मिळाली. परसात एक ट्रकचा जुना टायर होता, चिंचेला बांधलेला जाड दोर होता, ओल्या रेतीची पोती होती आणि मी होते. हे सगळं माझ्या भावाच्या व्यायामाचं साहित्य.

आमचं घर पनवेलच्या कडेला, महामार्गापासून आत, जिथं शहर संपून शेतं सुरू होत तिथं होतं. आता तिथं काही संपत नाही आणि काही सुरूही होत नाही, सगळीकडे इमारतीच आहेत. आमच्या भातखाचरांच्या जागी आज तळघरात, दोन मजले खाली, कुणाच्या तरी गाड्या उभ्या असतात. तेव्हा मागच्या दाराला उभं राहिलं की बांध दिसत आणि बांधांच्या पलीकडे डोंगराची निळी भिंत. गिरणीची धडधड दिवसभर चालू असायची. तिची इतकी सवय झालेली की वीज गेली आणि धडधड थांबली तर आई चुलीपुढून विचारायची, "काय झाला गं?" पण दिवस सुरू व्हायचा तो बाबांच्या शिट्टीनं. लांब, मग दोन आखूड. ती ऐकली की दादा अंथरुणातून उडी मारून उठायचा आणि मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायची, आणि दर वेळी आई येऊन ते हळूच काढायची. "ऊठ बाय. नाय तर माझ्या नावानं ओरडतील."

बाबा फौजेत पीटी शिकवायचे. हवालदार म्हणून पेन्शनीवर आले तेव्हा त्यांचा एक गुडघा कायमचा सुजलेला होता. बूट घालून कडक जमिनीवर वर्षानुवर्षं पळाल्यानं आणि पळवल्यानं तो तसा झाला, असं ते सांगत, आणि सांगताना त्यांना राग येई तो गुडघ्याचा नसे. त्यांचं म्हणणं असं की फौज माणसाला सरळ रेषेत पळायला शिकवते, जोर काढायला शिकवते, आणि खरी गरज पडते तेव्हा यातलं काहीच उपयोगाला येत नाही. वर कुठं तरी बर्फात त्यांच्या एका मित्राला गोळी लागली होती. त्याच्या शेजारी होता तो जवान कंपनीत सगळ्यात जोरात पळणारा, कप मिळवलेला. त्याला मित्राला उचलताच येईना. ओढत ओढत आणला, आणि आणेपर्यंत उशीर झाला. ही गोष्ट बाबा जेवताना सांगत. प्रत्येक वेळी त्याच जागी थांबत, पाणी पीत, आणि पुढं म्हणत, "पळायला येत होतं त्याला. उचलायला येत नव्हतं." मग त्यांनी आपल्या साहेबापुढं मांडलं की जवानांना पोती उचलू द्या, चिखलात सरपटू द्या, दोर चढू द्या, एकमेकांना पाठीवर घेऊन चढावर जाऊ द्या. साहेब म्हणाला, "हवालदार, सर्कस खोलनी है क्या?" सगळे हसले. ते हसणं बाबा घरी घेऊन आले, आणि ते पुसून टाकायला त्यांच्याकडे एकच उपाय होता, तो म्हणजे माझा भाऊ विलास.

दादा भरतीला उभा राहील, सगळ्यांना मागं टाकेल, आणि मग लोक विचारतील की ह्याला घडवला कुणी. असं ते चित्र होतं. आज खारघरला माझ्या घराच्या समोरच काचेची एक व्यायामशाळा आहे. तिथं नोकरदार मुलंमुली संध्याकाळी घाम गाळत टायर उलटे करतात, जाड दोर जमिनीवर आपटतात, आणि त्याला एक इंग्रजी नाव आहे. मोबाईलवर जवानांचे व्हिडिओ येतात, एकजण दुसऱ्याला खांद्यावर टाकून चढण चढतो, खाली लोक शाबासकी देतात. मी ते पाहते तेव्हा मला बाबांची आठवण येते. माणूस बरोबर होता. तो चुकीचा असता तर मला किती सोपं गेलं असतं.

माझं काम जखमी व्हायचं. बाबा मला बांधावर आडवं झोपवत आणि सांगत, "अंग सोड. जखमी माणूस मदत करत नाही. हात धरायचा नाही, मान धरायची नाही." दादा वाकायचा, मला ओढून दोन्ही खांद्यांवर आडवी घ्यायचा आणि चिखलातून पळत सुटायचा. माझं डोकं एका बाजूला लोंबत असे, त्यामुळे त्या वर्षांतलं आमचं शेत मला उलटंच आठवतं. पहिल्या पहिल्यांदा मी घाबरून त्याचा शर्ट धरायची. मग शिट्टी वाजे आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे, म्हणून मी धरणं सोडलं. अंग सोडलं की माणूस जास्त जड होतो हे मला तिथं कळलं. दादा दात आवळून हळूच म्हणायचा, "सुमे, थोडी तरी हलकी हो ना." मी म्हणायची, "अंडी तू खातोस आणि हलकी मी होऊ?"

अंड्यांचं खरंच होतं. दादाला सकाळी कच्ची अंडी, भिजवलेले हरभरे आणि पेलाभर दूध. मला पेज. दुपारी सगळ्यांना तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण, पण त्यातही दादाच्या ताटाला वेगळा हात. आई एकदा बोलली, "तिला पन खायाला लागतं ना. सकालपासून तीबी तुमच्या मागं हाय." बाबा म्हणाले, "तिला कुठं भरतीला जायचंय?" दुसऱ्या दिवशी माझ्या पेजेत आईनं भाजलेल्या बोंबलाचा मोठा तुकडा बुडवून ठेवला, वरून दिसू नये असा. ती असंच प्रेम करायची, वरून दिसू नये असं.

दोर मात्र मी आपण होऊन चढायला लागले. दादा शाळेतून यायच्या आधी, बाबा बाजारात गेलेले असले की. हाताची सालं निघाली, मग घट्टे पडले. एक दिवस बाबा लवकर आले आणि मी चिंचेच्या फांदीवर बसलेली त्यांना दिसले. ते ओरडले नाहीत. "उतर. पुन्हा चढ," म्हणाले. मी चढले. त्या दिवसापासून ते मला दादासमोर चढायला लावू लागले. "बघ. पोरगी चढते." मला वाटलं हे माझं कौतुक आहे. ते दादाला टोचायचं साधन होतं हे समजायला मला बराच काळ लागला. मग एकदा, दादा थकून बसला असताना, ते अचानक म्हणाले, "सुमन, आज तू उचल त्याला." मी उचलला. दादा लाजून हसत होता, अंग सोडत नव्हता. बाबा म्हणाले, "सोड अंग." त्यानं सोडलं. मी त्याला घेऊन एक बांध गेले, दुसरा गेले, विहिरीला वळसा घालून परत आले. त्याला कुठंच खाली टेकवला नाही. बाबांनी शिट्टी तोंडाजवळ धरलेली होती, ती वाजवलीच नाही. "पुरे," एवढंच म्हणाले. तो खेळ त्यांनी पुन्हा कधी लावला नाही.

भरती जवळ आली तेव्हा बाबांनी त्यांच्या पलटणीतल्या एका जुन्या सुभेदारांना बोलावून घेतलं. ते पेन्शनीवर होते, पण भरतीच्या लोकांत त्यांची ओळख होती आणि त्यांच्या शब्दाला वजन होतं. पाऊस संपून ऊन कडक झालं होतं. डोंगराच्या पायथ्याला रस्त्यालगत एक चहाची टपरी होती, तिथं सुभेदारांना बसवायचं, आणि दादानं वरच्या पठारावरून मला पाठीवर घेऊन त्यांच्या पुढ्यात उतरायचं, असा बेत ठरला. शेजारच्या मोकळ्या जागेत गावातली मुलं कबड्डी खेळत असत, तीही बघतील. बाबांचा गुडघा चढण चढू देत नव्हता, म्हणून ते खाली थांबले. आम्ही दोघंच वर गेलो. दादा त्या दिवशी फार बोलत होता. पहिला पगार आला की मला घड्याळ घेईन म्हणाला. मी म्हटलं, "आणि अंडी?" तो म्हणाला, "अंडीपण."

उतरताना अर्ध्या वाटेवर वाळलेल्या गवतावरून त्याचा पाय सटकला. मी त्याच्या खांद्यांवर होते. पडताना त्यानं मला सोडलं नाही, मला वरच्या बाजूला ढकललं आणि स्वतः दोन दगडांच्या मध्ये पाय अडकून आडवा झाला. मला कोपराला खरचटलं. त्याची नडगी मी पाहिली तेव्हा ती लगेच सुजायला लागली होती. बाबांनीच आम्हाला शिकवलं होतं की हाड गेल्याचा संशय आला तरी त्या पायावर वजन द्यायचं नाही, दोन बाजूंनी काठ्या बांधायच्या आणि माणूस उचलून न्यायचा. मी काठ्या तोडल्या, दादाच्या शर्टाच्या चिंध्या केल्या आणि बांधल्या. मोळी घेऊन उतरणारी एक ठाकर बाई थांबली. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि दादाला माझ्या खांद्यांवर चढवायला हात लावला. "पोरी, तुला झेपल का गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "झेपेल."

आणि झेपला. हे मला इथं स्पष्ट लिहून ठेवायचं आहे, कारण दुसऱ्या कुणी ते कधी सांगितलेलं नाही. मी माझ्या भावाला त्या डोंगरावरून खाली आणलं. मध्ये मध्ये झाडाला टेकून श्वास घेतला, पण त्याचा पाय कुठं आपटू दिला नाही. तो कण्हत होता आणि मधूनच विचारत होता, "सुमे, भरती होईल ना गं?" मी म्हणत होते, "होईल, पुढच्या वेळी होईल. तू अंग सोड." मान मोडते की काय असं वाटत होतं, डोळ्यांत घाम जात होता, आणि तरी, आज इतक्या वर्षांनी सांगते, मी खूश होते. भाऊ कण्हत असताना खूश होते. मला वाटत होतं, आता बाबा बघतील.

बाबांनी बघितलं. टपरीच्या अलीकडे, करवंदीच्या जाळीपाशी ते वाट बघत उभे होते. आम्ही वळणावरून दिसलो आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. मी ते पाहिलं आहे, मला फसवता येणार नाही. तो अभिमान होता, आणि तो माझ्याबद्दल होता. मग त्यांनी मागं वळून टपरीकडे पाहिलं. सुभेदार चहा पीत होते, कबड्डीची मुलं होती.

"उतरव त्याला," बाबा म्हणाले.

"बाबा, हाड गेलंय. काठ्या बांधल्यात मी."

"काही गेलं नाही. मुरगळलाय. उतरव खाली."

"बाबा, तुम्हीच तर..."

"बहिणीच्या पाठीवरून आलेला पोरगा कोण घेईल फौजेत? सगळ्या गावाला दाखवायचंय का?" ते आवाज चढवत नव्हते. त्यांनी स्वतः त्याला माझ्या खांद्यांवरून काढला, वाकून काठ्या सोडल्या आणि जाळीत फेकल्या. "विलास. सुभेदारसाहेबांना जय हिंद करायचा आणि सरळ पुढं जायचं. घर काही लांब नाही. चालशील ना?"

मी दादाचा दंड धरला. "नको रे," म्हटलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "चालतो बाबा."

तो चालला. मी मागून बघत होते. टपरीपर्यंत तो जवळजवळ सरळ गेला. सुभेदारांपुढं थांबला, हात वर नेऊन जय हिंद म्हणाला. सुभेदार म्हणाले, "शाबास. पण बहिणीला पाठीवर घेऊन उतरणार होतास ना रे?" बाबा मध्येच बोलले, "पोरगी घाबरली साहेब, वरच उतरली." सुभेदार हसले. दादानं पुढचं पाऊल टाकलं आणि आतून जो आवाज आला तो मी ऐकला. वाळलेली फांदी मोडावी तसा नव्हता तो, सगळे तसं लिहितात. ओला, दबका होता. टपरीच्या मागं जाऊन तो पडला.

पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो प्रकाशासमोर धरला आणि विचारलं, "ह्याच्यावर वजन कुणी दिलं? नुसती चीर असती तर भरून आली असती. आता हाडं सरकलीत." खोलीत आम्ही चौघं होतो, आई दाराशी. बाबा म्हणाले, "हिनं उचलायला घेतला, डॉक्टर. पाडला वाटेत."

मी म्हटलं, "मी नाही पाडला."

"गप बस."

मी दादाकडे पाहिलं. तो शुद्धीवर होता. त्यानं मान भिंतीकडे फिरवली. डॉक्टर मला म्हणाले, "मुलीच्या जातीला कशाला एवढं धाडस?" बाबांनी मान हलवली, जणू तेही किती दिवस मला हेच समजावत आले होते.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, तिचा हात थांबला नाही. "मला ठावं हाय," ती म्हणाली. "तू पाडनारी नाय. पन घरात ऱ्हायाचा हाय ना आपल्याला?" त्या वाक्याचा राग मला आईच्या मरणापर्यंत पुरला, आणि नंतरही थोडा उरला.

पाय भरून आला, पण आखूड भरला. दादा लंगडतो. भरतीचा विषय घरातून गेला आणि त्या जागी एक गोष्ट आली: सुमननं पाडलं. ती पाहुण्यांना सांगितली गेली, शेजाऱ्यांना सांगितली गेली, माझ्या सासरी माझ्या आधी पोचली. नवरा माझा चांगला माणूस, पण पहिलं मूल झालं तेव्हा तोही गमतीनं म्हणाला होता, "जपून गं, तुझा काही भरवसा नाही." एकदा पनवेलच्या बाजारात मी बाबांबरोबर भाजी घेत होते, तर ती ठाकर बाई समोर आली. पाटीत तिच्याकडे रानातली भाजी होती. तिनं मला लगेच ओळखलं. "पोरी, भाऊ कसा हाय? तू डोंगरावरशी उचलून आनला व्हता तो?" मी बाबांकडे पाहिलं. ते तोंडली निवडत होते. "कोण आहे ही?" ते म्हणाले, आणि तोंडली तशीच टाकून पुढं चालू लागले.

बाबांनी हार मानली नाही, हेही लिहिलं पाहिजे. गावातली मुलं त्यांनी धरली, ती त्यांना मास्तर म्हणत. परसातले टायर वाढले, दोर वाढले. मुलं एकमेकांना पाठीवर घेऊन बांधावरून पळत आणि दादा खाटेवर बसून ते बघे. मला एकदा बाबा म्हणाले, "एक पोर कमी आहे, ये जरा." मी म्हटलं, "मी येणार नाही." त्यांनी कुणा दुसऱ्याला हाक मारली. ही मुलं भरती होत गेली. कुणी सीमेवर गेलं, कुणी पीटी शिकवायला लागलं आणि बाबांनी शिकवलेलं तिथं शिकवू लागलं. सुट्टीवर आली की आमच्या ओटीवर त्यांच्या बुटांची रांग लागायची.

बाबा गेले तेव्हा तेराव्याला मंडप भरून माणसं आली. एकेक निवृत्त जवान उठून बोलत होता. एक म्हणाला, मास्तरांमुळे मी माझ्या साथीदाराला जिवंत खाली आणला. त्याला रडू आवरेना, आणि खरं सांगते, मलाही आवरेना. मग दुसरा उठला आणि म्हणाला, "मास्तरांचा स्वतःचा मुलगासुद्धा फौजेत गेला असता. पण बहिणीच्या हातून दुर्दैवानं अपघात झाला. मास्तरांनी तिला कधी बोल लावला नाही." दादा पहिल्या रांगेत होता. त्याच्या हातात माईक दिला गेला. मी उभी राहिले होते, का कोण जाणे. दादा म्हणाला, "बाबांनी आम्हाला घडवलं. सगळ्यांनी जेवून जायचं आहे." आणि खाली बसला.

पंगती उठल्यावर हात धुवायच्या जागी तो माझ्याजवळ आला. "तेरावं होतं सुमे. आज कसं बोलणार?"

"मग कधी?" मी विचारलं.

दादा आता जासईला एका कंटेनर यार्डाच्या फाटकावर सुरक्षारक्षकांचा मुकादम आहे. रविवारी माझ्याकडे जेवायला येतो. त्याला खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण आवडतं, मी करते. आम्ही पुष्कळ बोलतो, नातवंडांचं, विमानतळाचं, गेलेल्या जमिनींचं. हे प्रकरण लिहून झालं तेव्हा मागच्या रविवारी मी त्याला वाचून दाखवलं. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. डॉक्टरांच्या खोलीचं आलं तेव्हा चष्मा काढून पुसत बसला. वाचून झाल्यावर चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "यातलं काही खोटं नाही. छापायचं तर छाप." जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. "फक्त माझं नाव बदल. गावात लोक अजून बाबांच्या पाया पडतात."

मी नाव बदललेलं नाही.